परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, गावाकडे आईला नाही. देवालासुद्धा नीट सांगितलं नाही — हात जोडले की दुसरंच काहीतरी मागते आणि उठते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ कशी चालते, ते पुढं कळेलच.

मी वाईट बाई नाही, असं आधी इथं लिहिलं होतं. मग खोडलं. ते ठरवणारी मी कोण?

चाकणला मी डबे करते. कंपन्यांतल्या पोरांचे, दोन-तीन ऑफिसांतले, आणि आमच्या जवळच्या पोलीस चौकीतले. मूळची हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. अक्षर मात्र चांगलं — गुरुजी माझी वही वर धरून वर्गाला दाखवायचे. लग्न झालं, हे इकडं एका कंपनीच्या प्रेस शॉपला लागले, आम्ही आलो. चौथ्या वर्षी कंपनीतून घरी येताना हे कंटेनरखाली गेले. लेक तेव्हा पाच वर्षांची.

मला भीती फार. आधीपासूनच होती, पण तेव्हापासून जास्त. कडी लावली तरी पुन्हा उठून बघते. दारात कुणी वही घेऊन उभा राहिला की वाटतं — आता हा निघा म्हणणार. आणि घरमालक म्हणालाच होता तसं. एकटी बाई, खोली रिकामी करा. कुठं जाणार होते? गावाकडे दिरांनी आधीच दार लावलेलं.

तेव्हा चौकीतले एक हवालदार आले होते. अपघाताच्या कागदांसाठी त्यांच्याकडे माझ्या चकरा व्हायच्या, त्यातली ओळख. ते घरमालकाच्या ओट्यावर बसले, चहा प्याले, पाऊस-पाण्याचं बोलले आणि उठताना एवढंच म्हणाले, “ह्या ताई राहतील हो इथंच.” झालं. पुन्हा तो मालक माझ्याशी वर मान करून बोलला नाही. लेकीच्या शाळेचा दाखला गावाकडून येत नव्हता, तर हे हवालदारच मुख्याध्यापकांकडे माझ्यासोबत आले. चौकीचे डबे त्यांनीच सुरू करून दिले. मी त्यांना दादा म्हणायला लागले. राखी बांधायला लागले. त्यांनी कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, कधी काही मागितलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. तो माणूस राक्षस असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

आता इंदू.

इंदू माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. नांदेडकडची. नवऱ्याला सोडून एकटीच आलेली, वायरिंगच्या कंपनीत कंत्राटी कामाला. वय सव्वीस-सत्तावीस असेल. दिवसभर उभ्यानं काम करून यायची आणि तरी माझ्या स्वयंपाकघरात येऊन पोळ्या शेकायला बसायची. मी नको म्हटलं की म्हणायची, “अक्का, तुझी पोळी गोल आणि माझी भारताचा नकाशा. पण पोटात गेल्यावर कुणाला कळायलंय?” आपली माती, आपली भाषा. तिच्याशी बोलताना मला शब्द जुळवावे लागत नसत. तिला एकच ध्यास — परमनंट व्हायचं. परमनंट झाले की आईला घेऊन येते, म्हणायची.

एका रविवारी आमच्या बचत गटाच्या हॉलमध्ये एक वकील मॅडम आल्या होत्या. सरकारी मोफत मदत देणाऱ्या. बायकांचे हक्क सांगायला. आम्ही दोघी पुढच्याच रांगेत. मॅडम छान बोलल्या, आपल्याला समजेल असं. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही, म्हणाल्या, फारच अडचण असेल तर आधी न्यायाधीशांची परवानगी आणि महिला पोलीस पाहिजे. नुसती चौकशी करायची तर पोलिसांनी बाईच्या घरी यायचं, तिला ठाण्यात बोलवायचं नाही. अटकेचं कारण सांगायचं. चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करायचं. आणि अटक केली की तिथल्या तिथं कागद करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या कुणाची सही घ्यायची — म्हणजे माणसाला कधी धरलं ते लपवता येत नाही.

इंदू माझ्या कानात म्हणाली, “म्हंजे पोलिसाला बी दिवे लागले की सुट्टी!” मी इतकी हसले की मॅडमनी बोलायचं थांबवून आमच्याकडे पाहिलं. विचारलं, काय झालं? इंदूनं उभं राहून तोच विनोद सगळ्यांना ऐकवला. अख्खा हॉल हसला. मॅडमही.

म्हणजे मला ठाऊक होतं. शब्द न् शब्द ठाऊक होता. हे आधीच सांगून ठेवते. पुढं वाचताना तुमच्या मनात येईल की बिचारी अडाणी बाई, तिला काय माहीत कायदा. मी तसं बऱ्याच जणांना वाटू दिलंय. तुम्हाला नको.

थंडीचे दिवस होते. लवकर अंधारायचं. देवापुढं दिवा लावून मी कणीक मळत होते, समोरच्या दुकानाची ट्यूब पेटलेली. गल्लीत जीप आली. दादा उतरले, आणखी दोघं उतरले, आणि इंदूच्या कंपनीचा सुपरवायझर. बाई एकही नाही. कंपनीतून तांब्याच्या वायरची बंडलं गेली होती म्हणे, आणि सुपरवायझरनं तिच्या लाइनवरच्या बायकांची नावं दिलेली. इंदू नुकतीच आलेली, कंपनीचा निळा एप्रन अजून अंगावर. ती घाबरली नाही. म्हणाली, “दिवे लागल्यावर बाईला नेता येत नाही साहेब. विचारायचंय ते इथंच विचारा.”

“अटक कुठं करतोय बाई? नुसती चौकशी आहे,” एकजण म्हणाला.

“चौकशी बी घरीच करायची असती.”

दादा हसले. रागावून नाही, खरंच हसले. “अरे, आपण वकिलीणबाईंच्या घरी आलो की काय!”

गल्ली गोळा झाली होती. इंदूनं माझ्याकडे बोट केलं. “ह्या अक्काला विचारा. आम्ही दोघींनी ऐकलंय, जोडीनं बसून.”

दादा माझ्याकडे वळले. “काय ताई? असं असतं का काही?”

त्यांनी खरंच विचारलं होतं. आवाजात दम नव्हता, डोळे वटारलेले नव्हते. बहिणीला विचारावं तसं विचारलं. मी हो म्हटलं असतं तर? गल्लीतल्या वीस माणसांसमोर ते तेव्हा थांबले असते का? मला आजही वाटतं की थांबले असते. सकाळी येतो म्हणून गेले असते. तेवढी लाज त्या माणसात होती.

मी म्हटलं, “मला नाही बाई ठाऊक. मी मागं बसले होते, काही ऐकूच आलं नाही.”

हाताला कणीक लागलेली. मी ती बोटांवरून काढत राहिले — फार लक्ष देऊन, एकेक बोट. इंदू जीपकडे जाताना म्हणत होती, “अक्का, हे लोक मला कुठं न्यायलेत बघ गं, माझ्यामागं ये.” मी मागं गेले नाही. डबे जायचे होते. चौकीचे धरून.

सकाळी गेले. डबा घेऊन, रोजच्यासारखी, दहाच्या सुमारास. इंदू आतल्या बाकावर बसली होती. तोच एप्रन. पाय वर घेऊन, तळवे जमिनीला लागू नयेत अशी. चपला बाकाखाली. मला पाहून तिचा चेहरा — आता हे कसं लिहू — उजळला. घरचं माणूस आल्यासारखा. म्हणाली, “अक्का आली. अक्का, सांग ह्यांना, मी कालची हाये इथं. हे म्हणायलेत आज सकाळी आणलं.”

दादांनी मला टेबलाजवळ बोलावलं. एक छापील कागद होता, अटकेचा. रकाने भरलेले. ठिकाण, आमच्या गल्लीतली इंदूची खोली. वेळ, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं, आणि तारीख त्या दिवसाची. महिला पोलिसाचं नावसुद्धा होतं, ती त्या सकाळी ड्यूटीवर आलेली. सगळं कसं स्वच्छ. फक्त त्या कागदात आदली रात्र नव्हती. एक अख्खी रात्र, आणि ती कुठंच नाही.

खाली साक्षीदाराची जागा रिकामी. दादांनी तिथं बोट ठेवून वाचून दाखवलं, “नातेवाईक किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हीच की ताई आता! एवढ्या वर्षांच्या रहिवासी.”

इथं मला थांबावं लागतंय. कारण आता जे सांगणार आहे त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

माझ्या आधारवर गावचा पत्ता आहे. लाइटचं बिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार त्यानं कधी केला नाही. रेशन गावाकडचं, मतदान गावाकडचं. मी इथं राहते हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. आणि ह्या कागदावर होतं. परिसरातील. वर आणखी प्रतिष्ठित. साक्षीदाराचा पत्ता म्हणून माझ्या खोलीचा पत्ता दादांनी आधीच लिहून ठेवला होता, माझ्या पूर्ण नावाखाली, आणि ते वाचताना मला — कसं सांगू — बरं वाटलं. चार फुटांवर इंदू तळवे उचलून बसलेली, आणि मला बरं वाटलं. छातीत काहीतरी भरून आलं, ते दुःख नव्हतं.

मी सही केली. घाईत नाही. पूर्ण नाव, वळणदार, वेलांट्या नीट काढून. दादा म्हणाले, “वा! आमच्या साहेबांचंही असं अक्षर नाही.” आणि मी लाजले. ह्याच बोटांनी केली होती ती सही.

मागं वळले तेव्हा इंदू माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही. तिला अजून कळलं नसावं बहुतेक. मी डब्याची पिशवी घेतली आणि बाहेर आले.

तिला दुपारी कोर्टात नेलं. तिनं तिथं सांगितलं — मला काल दिवे लागल्यावर आणलं, रात्रभर ठेवलं, बाई पोलीस नव्हती, मारलं. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं, चौकशी लावली. डॉक्टरांना पायावर सूज दिसली. पण उभ्यानं काम करणाऱ्या बाईच्या पायाला सूज असतेच, असं पोलिसांकडून सांगितलं गेलं. आणि माझा कागद होता. शेजारीण, तिच्याच भागाकडची, वैर नाही, भांडण नाही, आणि ती लिहून देते की सकाळी नऊ चाळीसला माझ्यासमक्ष अटक झाली. मग रात्री मारणार कुणाला? रात्री तर ती घरी होती.

तिच्यातर्फे कोण उभं राहिलं माहिती आहे? बचत गटाच्या हॉलमध्ये आलेल्या त्याच वकील मॅडम. आठवड्याभरानं त्या माझ्याकडे आल्या, थेट स्वयंपाकघरात. तव्यावर पोळी होती. म्हणाल्या, “काकू, तुम्ही त्या दिवशी पुढच्या रांगेत होतात. इंदूच्या शेजारी. खूप हसत होतात.”

मी म्हटलं, असेन.

“अटक तुमच्यासमोर किती वाजता झाली?”

“नऊ चाळीस.”

“बघा, आत्ता जरी खरं सांगितलंत ना, तरी उपयोग आहे. तुम्हाला काही होणार नाही, मी बघते. आदल्या संध्याकाळी जीप आली होती का?”

गल्लीतल्या कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी दारं लावून घेतली होती, प्रत्येकाला वाटलं अक्का सांगेल. जीप माझ्याच दारासमोर उभी होती. मी म्हटलं, “सकाळीच आली. नऊ चाळीसला.” मॅडमनी वही मिटली. पुढं होऊन गॅस बारीक केला. “पोळी करपतेय काकू,” एवढंच म्हणून गेल्या.

मग चौकशीवाल्या साहेबांपुढं माझा जबाब झाला. तिथंही नऊ चाळीस. तिसऱ्यांदा म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. इंदूचा मारहाणीचा अर्ज निकाली निघाला. तथ्य आढळून आलं नाही.

दोन महिने ती आत होती. जामिनाला ओळखीचा स्थानिक माणूस लागतो, तो तिला कुठून मिळणार? पुढं भंगार नेणाऱ्या गाडीवाल्याकडे वायर सापडली. सुपरवायझर त्याच्यात सामील होता. इंदूचं नाव केसमधून निघालं. पण कंपनीच्या गेटवर पास काढायचा तर पोलीस पडताळणी लागते, आणि पडताळणीत नाव येतंच. चार ठिकाणी फिरली ती, एकाही कंत्राटदारानं घेतलं नाही.

मी हे सगळं गल्लीतल्या बायकांकडून ऐकत होते. तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती. शेवटी तीच आली. गावाला परत चालली होती, खोलीतलं सामान न्यायला आलेली. मी दारामागं होते. मला वाटलं आता शिव्या देईल, थुंकेल तोंडावर. द्यायला हव्या होत्या शिव्या. मी तयार होते — खोटं कशाला बोलू, तयार नव्हते, मी कडी लावायच्या बेतात होते.

ती आत आली. पाय थोडा ओढत होती. पाटावर बसली, जिथं पोळ्या शेकायला बसायची तिथंच. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “अक्का, तुला लईच धमकावलं असंल ना त्यांनी? लेकीचं काही बोलले असतील. मला आत असताना हेच वाटायचं, अक्कावर काय बितली असंल. तू मनाला लावून घेऊ नको.”

दोन महिने. तिथं बसून ती माझी काळजी करत होती.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. नाही गं इंदू, एवढं म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. नाही गं, कुणी एक शब्द बोललं नाही मला.

मी मान हलवली. हो अशी. वर रडले. ती मला थोपटत राहिली, पदरानं माझे डोळे पुसले, म्हणाली, उगी. त्या रात्री तिच्यासोबत काय काय झालं ते मी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर ती बोलली असती, असं मला तिच्या बसण्यावरून वाटलं. ती थांबली होती थोडी. मग उठली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

आता तिकडं शेतात मजुरीला जाते, असं कळलं. नांदेडची एक बाई इथं आहे, तिच्याकडून. पाय तसाच आहे. आई गेली तिची मध्यंतरी. इंदू सगळ्यांना सांगते म्हणे की चाकणला माझी एक अक्का होती, फार माया करायची, पोलिसांनी तिला बिचारीला छळलं.

वकील मॅडमचं ऑफिस माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर आहे. नवीन जबाब अजूनही देता येतो का, हे मी कधी जाऊन विचारलेलं नाही. चौकीचे डबे चालू आहेत. लेक दहावीला आहे.

इंदू समजते तसं काही झालं नव्हतं. कुणी दम दिला नाही, लेकीचं नाव काढलं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मला कुणीही धमकावलं नव्हतं.